पुणें प्रांतींचे पक्षी : शिकारखाना, नामें व याद्या

१

मराठ्यांच्या इतिहासाचे जे कागद आजवर प्रसिद्ध झाले ते बहुतेक राजकारण, लढाया, वतनें, सरंजाम व देणेंघेणें यांसंबंधींचे आहेत. हें स्वाभाविकच होय. ज्या कागदावर तारीख, शिक्का व मोठें नांव असतें तो प्रथम उचलला जातो. आणि ज्या पानावर दाणाचारा, पिंजरा, जाळें असल्या किरकोळ बाबी असतात तें पान बाजूस पडतें. परंतु एखाद्या समाजाचें जीवन खरोखर समजून घ्यावयाचें, तर त्यानें फावल्या वेळीं कशांत मन रमविलें, घरांत कोणते जीव पाळले, अंगणांत कोणते येऊं दिले व रानांतले कोणते नांवानिशीं ओळखले, हेंहि पाहिलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत आम्ही पुणें शहर व त्याच्या भोंवतालचा प्रांत एवढ्यापुरता हा विषय घेतों, आणि तोहि केवळ पक्ष्यांपुरता.

विषय लहान दिसतो. पण त्याच्या पोटीं एक मोठा प्रश्न आहे. पुराव्याचें मोल कशावर ठरतें? कागदाच्या जुनेपणावर, लिहिणाऱ्याच्या थोरवीवर, कीं त्या कागदास चिकटलेल्या स्थळकाळाच्या नोंदीवर? पक्ष्यांच्या इतिहासांत हा प्रश्न इतक्या स्पष्टपणें उभा राहतो कीं, हस्तलिखितांचा संग्रह करणारांस त्यापासून कांहीं घेण्यासारखें आहे, अशी आमची समजूत आहे. म्हणून आधीं जुनें वाङ्मय, मग पेशव्यांचा शिकारखाना, मग लोकांच्या तोंडचीं नांवें आणि शेवटीं शास्त्रज्ञांच्या याद्या, या क्रमानें आम्ही साधनांकडे पाहतों.

२

महाराष्ट्री प्राकृतांतील गाथासप्तशती ही सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेली संग्रहरूप कृति आपल्या देशींच्या लोकजीवनाचें फार जुनें साधन आहे. तिची मराठी वाचकांस उपयुक्त अशी आवृत्ति स. आ. जोगळेकर यांनीं १९५६ सालीं पुण्यांत प्रसिद्ध केली. तींतील एका गाथेंत आकाशांतून खालीं उतरणाऱ्या राव्यांच्या थव्यास पाचू व माणकें ओंवलेल्या कंठ्याची उपमा दिली आहे. हिरवें अंग व लाल चोंच हा रंगांचा मेळ ज्यानें प्रत्यक्ष पाहिला त्यालाच ही उपमा सुचेल. येथें पक्षी पिंजऱ्यांतला नाहीं, शिकारीचाहि नाहीं. तो केवळ पाहण्याचा आहे. रानांतला पक्षी नुसता पाहून आनंद मानणें ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी आवड आहे, असें जें कधीं कधीं म्हटलें जातें, त्यास ही गाथा पुरेसें उत्तर आहे.

दुसरें साधन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास. सोमेश्वराचें राज्य इ. स. ११२६ ते ११३८; ग्रंथ शके १०५१ च्या सुमाराचा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत गो. कृ. श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं निघाला. ह्या ग्रंथांत मराठी पदांचे जुने अवशेष आहेत, म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहेच. परंतु त्यांतील विनोदविंशतीकडे आमच्या विषयाच्या दृष्टीनें पाहावें. राजानें मन कशांत रमवावें हें सांगतांना ग्रंथकारानें जे वीस विनोद दिले आहेत, त्यांपैकीं चार पक्ष्यांचे आहेत: कोंबड्यांची झुंज, लाव्यांची झुंज, पारव्यांचा विनोद व ससाण्याची शिकार. हत्ती, घोडे, मल्ल, गीत, वाद्य व नृत्य यांच्या पंक्तीस पक्षी बसविलेले आहेत. पक्षी बाळगणें ही दरबारी शिक्षणाची एक शाखाच होती, हें येथें सिद्ध होतें.

तिसरें साधन ज्ञानेश्वरी, शके १२१२. सहाव्या अध्यायांत ज्ञानदेवांनीं नळीवर अडकलेल्या शुकाचा दृष्टांत योजिला आहे. पोपट धरणारा एक पोकळ नळी आडवी टांगून ठेवतो. पोपट तीवर बसतो. त्याच्या भारानें नळी फिरते. पक्षी उलटा लोंबूं लागतो. पडण्याच्या भयानें तो ती नळी अधिकच घट्ट आवळून धरतो, आणि कोणींहि बांधलेलें नसतां आपण बांधले गेलों असें समजून तेथेंच राहतो. मग फासेकरी येऊन त्यास अलगद काढून घेतो. ज्ञानदेवांस येथें जीवाच्या भ्रमाविषयीं सांगावयाचें आहे. पण आम्हांस दृष्टांताच्या मागील व्यवहार महत्त्वाचा वाटतो. दृष्टांत नेहमीं श्रोत्यांस आधीं माहीत असलेल्या गोष्टीचाच द्यावयाचा असतो. तेव्हां तेराव्या शतकांत गोदातीरच्या सामान्य श्रोत्यास पोपट धरण्याची ही युक्ति इतकी परिचित होती कीं, तिचें वेगळें स्पष्टीकरण करण्याचें कारण नव्हतें, असें अनुमान निघतें. पोपट पाळण्याची चाल किती पसरलेली होती याचा ह्याहून निखालस पुरावा बखरींतहि मिळणें कठीण.

तात्पर्य, पक्षी पाहणें, पक्षी बाळगणें व पक्षी धरणें ह्या तिन्ही गोष्टी पुणें शहर नांवारूपास येण्यापूर्वींच ह्या भूमींत रूढ झालेल्या होत्या. पेशव्यांच्या पुण्यानें त्या आयत्या घेतल्या.

३

मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादींत खजिना, जवाहीरखाना, तोफखाना, पीलखाना, फरासखाना यांबरोबर शिकारखान्याचें नांव येतें. कारखाना म्हटला म्हणजे त्यास नेमलेले लोक, त्यांची तैनात, रोजचा शिधा व त्याचा हिशेब हीं आलींच. म्हणजे शिकारखाना ही राजाची केवळ हौस नव्हती. तो सरकारच्या दप्तरीं नोंदला जाणारा एक विभाग होता. थोरल्या शाहूमहाराजांची शिकारीची व शिकारी प्राण्यांची आवड सुप्रसिद्ध आहे. त्यांच्या खंड्या कुत्र्याचें स्मारक संगम माहुलीस आहे. गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत पेशवे दप्तरांतून निवडून संपादिलेल्या ४५ खंडांपैकीं कांहीं खंड छत्रपति व पेशवे यांच्या खाजगी जीवनाचेच आहेत. राजकारणाच्या अभ्यासकानें चाळून सोडलेलीं तींच पानें आमच्या विषयास उपयोगी आहेत.

पुण्याचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीं होता. सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत तो भरभराटीस आलेला होता व परदेशी पाहुणे तो मुद्दाम पाहात. त्याचें आज उपलब्ध असलेलें उत्तम साधन कागदावरील मजकूर नसून चित्र आहे. सर चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून १७९७ पर्यंत पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता. त्याच्या आश्रयास गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. गंगारामानें शिकारखान्यांतील प्राण्यांचीं चित्रें काढलीं, तशींच वेरुळच्या लेण्यांचींहि काढलीं. जेम्स वेल्स ह्या स्कॉच चित्रकाराचें पुण्यास येणें त्यानंतरचें. गंगारामानें काढलेलें शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र नोव्हेंबर १७९० चें असून तें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहे.

आमच्या विषयाशीं गेंड्याचा संबंध कोणता, असें वाचक विचारतील. संबंध प्राण्याचा नाहीं, नोंदीचा आहे. त्या चित्रास चित्रकाराचें नांव आहे, स्थळ आहे, महिना आहे, साल आहे. एवढ्यानें तें चित्र केवळ शोभेची वस्तु न राहतां इतिहासाचें साधन झालें. ह्याउलट पुण्याच्या जुन्या वाड्यांच्या लांकडी नक्षींत पोपट व मोर दिसतात, पैठणीच्या काठांवर मोर व मुनिया विणलेल्या असतात, राजा केळकर संग्रहालयांत पक्ष्यांच्या आकाराचे दिवे व अडकित्ते आहेत. ह्या वस्तु आवड सिद्ध करतात, पण अमुक पक्षी अमुक वर्षीं अमुक ठिकाणीं होता हें सिद्ध करीत नाहींत. कारागीर नमुन्यावरून नमुना काढतो. त्यास रानांत जावें लागत नाहीं. अलंकार व साक्ष यांत हा भेद नेहमीं ध्यानीं धरला पाहिजे.

हाच नियम स्थलनामांस लागू आहे. पर्वतीखालचें तळें नानासाहेब पेशव्यांच्या वेळचें. त्यांतील बेटावर सवाई माधवरावांच्या काळांत, १७८४ सालीं, गणपतीची स्थापना झाली. त्या परिसरास आज सारसबाग म्हणतात. नांव ऐकतांच येथें सारस पक्षी विपुल असले पाहिजेत, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु संस्कृतांत सारस शब्द सरस् ह्या शब्दावरून झालेला आहे. जें तळ्याचें तें सारस. पक्ष्याचें नांवहि त्यावरूनच आलें आणि तळ्याकांठच्या बागेसहि तें तसेंच शोभतें. नुसत्या नांवावरून पक्ष्याची वस्ती ठरवूं लागलों तर व्युत्पत्तीच्या जोरावर इतिहास रचल्यासारखें होईल. त्याच भागांत पुणें महानगरपालिकेनें १९५३ सालीं पेशवे उद्यान उघडलें, आणि पुढें तेथील प्राणी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयांत हलविण्यांत आले. म्हणजे पर्वतीच्या पायथ्याचा प्राणिसंग्रहाशीं असलेला संबंध पेशवाई बुडाल्यावरहि पुन्हां जुळला. हें मात्र नोंदींवरून ठरतें, व्युत्पत्तीवरून नव्हे.

४

आतां लोकांच्या तोंडच्या नांवांकडे वळूं. पक्ष्यांविषयींचें आपलें परंपरागत ज्ञान ग्रंथांत थोडें व नांवांत फार सांठलेलें आहे. शिकारी पक्ष्यांच्या नांवांचेच दोन थर पाहा. बाज, बहिरी, शिकरा, जुर्रा हीं नांवें फारसी दरबारी वळणाचीं. तीं मुसलमानी राज्यांच्या शिकारखान्यांतून मराठींत आलीं. ह्यांत जुर्रा म्हणजे नर. कारण शिकारी पक्ष्यांत मादी अंगानें मोठी व नर लहान असतो आणि बाजदारास हा भेद क्षणोक्षणीं लागतो. ससाणा हें नांव मात्र जुनें: अमरकोशांतील शशादन, म्हणजे ससे खाणारा, ह्या शब्दाचें तें रूप. त्याचप्रमाणें लावकाचा लावा, पारावताचा पारवा, टिट्टिभाची टिटवी, तित्तिराचा तितर झाला. सोमेश्वराच्या विनोदांतील लावक व पारावत हे शब्द नऊशें वर्षांनंतर पुण्याच्या बाजारांत व ढाबळींत आजहि चालतात. कबुतरें उडविणारा पुणेकर ज्या परंपरेचा वारस आहे, ती त्याला स्वतःला ठाऊक नसली तरी शब्दांत जिवंत आहे.

नांवांची दुसरी बाजू शकुनाची. पिंगळा म्हणजे लहान घुबड. पण पहांटे दारावर येऊन भविष्य सांगणाराहि पिंगळाच. वसंतराजशाकुनासारख्या ग्रंथांत पिंगळेच्या स्वरांचा स्वतंत्र विचार केलेला आहे, म्हणजे दारावरच्या पिंगळ्याच्या मागें ग्रंथाची बैठक आहे. टिटवीचा रात्रींचा स्वर अशुभ, भारद्वाजाचें दर्शन शुभ, पावशाची साद पेरणीची सूचना, हे समज घरोघर आहेत. येथें पोथ्या वाचणारांस एक इशारा देणें अवश्य वाटतें. संस्कृतांत भारद्वाज हें नांव चंडोलासारख्या पक्ष्यास लावलेलें आढळतें. मराठींत तें तांबूस पंखांच्या, काळ्या अंगाच्या, झुडपांतून फिरणाऱ्या निराळ्याच पक्ष्याचें आहे. तेव्हां संस्कृत पोथींतील भारद्वाज पाहून त्यावर मराठी भारद्वाजाचें वर्णन चिकटवूं नये. एकच नांव दोन पक्ष्यांचें व एकाच पक्ष्यास तीन नांवें, हा प्रकार सर्वत्र आहे. पोपट, राघू, रावा, कीर हे शब्द पाहिले म्हणजे पुरे.

कावळ्याची गोष्ट निराळी. त्यास कोणीं पाळीत नाहीं, पण त्याच्यावांचून उत्तरकार्य पुरें होत नाहीं. १७३८ च्या सुमारास पुरें झालेलें मुठेकांठचें ओंकारेश्वराचें देऊळ व त्याजवळील घाट येथें पिंडास कावळा शिवण्याची वाट पाहणारीं माणसें पिढ्यान् पिढ्या उभीं राहिलीं आहेत. रानांतल्या पांखरास मोकळें ठेवून त्यास नियमानें अन्न देण्याची ही रीति धर्माच्या पोटीं वाढली. पिंजऱ्यावांचूनहि पक्ष्याशीं नातें राखतां येतें हें पुण्यास नवें नाहीं.

ह्या सर्व नांवांचा कोश करण्याचा मोठा प्रयत्न इंग्रजी अमलाच्या आरंभीं झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ सालीं. त्यांत चंडोल, भोरडी, साळुंकी यांसारखीं पक्षिनामें आलीं आहेत. कोशकारास पक्षी हा शब्द म्हणून हवा होता. म्हणून त्यानें नांव नीट टिपलें, परंतु पक्ष्याची ओळख त्यामानानें मोघम राहिली. पुढच्याच वर्षीं दुसऱ्या एका इंग्रजानें पक्ष्याची ओळख काटेकोर टिपली.

५

हा गृहस्थ म्हणजे विल्यम हेन्री साइक्स (१७९० ते १८७२). १८१७ सालच्या खडकी व पुणें येथील लढायांत तो कंपनीच्या फौजेंत होता. ज्या लढायांनीं पेशव्यांचें राज्य व त्याबरोबर शिकारखानाहि संपला, त्याच लढायांतला हा शिपाई सात वर्षांनीं, १८२४ सालीं, मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनच्या पाहणीवर नेमला गेला. जमीन, पीक, हवामान, लोकसंख्या यांच्या पाहणीबरोबर त्यानें पशु, पक्षी व मासे गोळा केले. कोळसुंदा ह्या रानकुत्र्याचें शास्त्रीय वर्णन त्यानें १८३१ सालीं दिलें, आणि १८३२ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तांत दख्खनच्या पक्ष्यांची त्याची सूची प्रसिद्ध झाली.

त्या सूचींत साइक्सानें प्रथम नामकरण केलेले कित्येक पक्षी आजहि त्याच नांवांनीं जगभर ओळखले जातात. हळद्याच्या हिंदी जातीचें कुंडू, राखी वटवट्याचें सोशॅलिस, साध्या वटवट्याचें इनॉर्नाटा, माळरानावरील लाव्याचें अर्गुंडा, हीं नांवें त्याचीं. मोठ्या राखी सातभाईस त्यानें माल्कमी म्हटलें. सर जॉन माल्कम हा १८२७ ते १८३० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. दुसऱ्या तीन नांवांवर मात्र वाचकांनीं क्षणभर थांबावें. पुण्याच्या आकाशांत रोज घिरट्या घालणाऱ्या घारीस साइक्सानें गोविंद हें नांव दिलें. एका लहान वटवट्यास राम. आणि एका तांबूस चंडोलास देव. लॅटिन नामावळींत गोविंद, राम व देव जाऊन बसले ते असे. रातव्याच्या एका जातीस व जंगली साळुंकीच्या आपल्याकडील प्रकारास त्यानें मराठ्यांचें नांव दिलें. ह्याहि आधीं, बाजीराव दुसरा गादीवर असतांना, १८०१ सालीं लॅथम ह्या इंग्रज पक्षिविदानें पिवळ्या माथ्याच्या सुतारपक्ष्यास मराठ्यांचेंच नांव लाविलें होतें. राज्य गेलें तरी सुतारपक्षी, रातवा व साळुंकी यांच्या पाठीवर तें नांव अद्याप आहे.

त्याच सूचींतील आणखी एक पक्षी इतिहाससंशोधकांचा जुना सोबती आहे. धुरकट रंगाची कड्यांवरची पाकोळी, जिचें नांव साइक्सानें कॉन्कलर असें ठेविलें, ती सह्याद्रीच्या किल्ल्यांच्या तटांस, लेण्यांच्या छतांस व जुन्या इमारतींच्या कमानींस चिखलाचें वाटीसारखें घरटें चिकटविते. शिलालेखाचा ठसा घेतांना डोक्यावरून जी काळसर पांखरें झपाट्यानें जातात तीं बहुधा हींच.

साइक्साच्या सूचीचें मोल आम्ही मानतों तें तिच्या शास्त्रीय नांवांकरितां नव्हे, तर ती एका ठराविक काळाची व ठराविक प्रदेशाची साक्ष आहे म्हणून. तिच्याशीं आजची स्थिति ताडून पाहतां येते. महाराष्ट्राच्या माळांवर पूर्वीं असणारा माळढोक इतका घटला कीं, त्याच्यासाठीं सोलापुराजवळ नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य करावें लागलें, आणि त्यानंतरहि त्याची संख्या घटतच गेली. गिधाडें १९९० नंतर देशभर झपाट्यानें मेलीं. जनावरांस देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या गुरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करतें, हें २००४ सालीं सिद्ध झालें व २००६ सालीं जनावरांसाठीं त्याची बंदी झाली. ह्याउलट १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झाल्यावर भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्षी मोठ्या संख्येनें येऊं लागले. काय गेलें व काय आलें हें सांगण्यास आधीं काय होतें त्याची यादी लागते. दस्तऐवज म्हणून पक्षिसूचीची योग्यता जमाबंदीच्या कागदाहून कमी नाहीं.

मात्र तिच्यांतील एक उणीव सांगितली पाहिजे. गव्हर्नराचें नांव सातभाईस मिळालें, देवांचीं नांवें घारीस व चंडोलास मिळालीं; परंतु ज्यांस लाव्याची वाट, तितराची साद व फांस लावण्याची जागा ठाऊक होती, त्या पारध्यांचें नांव कोणत्याहि पक्ष्यास नाहीं. फांसेपारध्यांची ती विद्या पिढीजात होती. पुढें १८७१ च्या कायद्यानें ज्या जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला, त्यांत पारधीहि आले. तो कलंक कायद्याच्या पुस्तकांतून १९५२ सालीं निघाला. ज्ञानेश्वरींतील नळी कोणीं टांगली होती याचा विचार करतांना ह्या लोकांचें स्मरण ठेवणें न्यायाचें होईल.

६

आतां ज्या प्रश्नानें आम्हीं आरंभ केला त्याकडे येतों. १८७८ सालीं डेव्हिडसन व वेंडन ह्या दोघांनीं दख्खनच्या पक्ष्यांवर एक मोठा लेख लिहिला. तो ज्या नियतकालिकांत आला त्याचा संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ सालीं राष्ट्रीय सभा स्थापण्यांत ज्यानें पुढाकार घेतला तोच हा. त्या सभेची पहिली बैठक पुण्यास भरावयाची होती, परंतु पटकीच्या सांथीमुळें ती मुंबईस भरली, हें सर्वश्रुत आहे. ह्यूमसाहेबांची दुसरी बाजू पुण्यांत तितकी ठाऊक नाहीं. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्याच्या हेतूनें त्यांनीं वर्षानुवर्षें हस्तलिखित टिपणें जमविलीं होतीं. तीं सिमल्याच्या घरांतून एका नोकरानें बाजारांत रद्दी म्हणून विकून टाकलीं. ह्या आघातानंतर ग्रंथाचा नाद त्यांनीं सोडला व पक्ष्यांचीं कातडीं व अंडीं मिळून सुमारें ८२,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला.

रद्दीची ही कथा ऐकून कोणत्या मराठी संशोधकाचें मन हळहळणार नाहीं? राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढला व पुढें आयुष्यभर गांवोगांव हिंडून वाळवी, पाऊस व रद्दीवाला यांच्या तावडींतून कागद सोडविले. पक्षिविद्या व इतिहास यांचा शत्रु एकच आहे.

परंतु कागद नष्ट होण्याहून घातक असा दुसरा प्रकार आहे. तो म्हणजे खोटी चिठ्ठी. रानपिंगळा हें एक लहान घुबड. त्याचें वर्णन ह्यूमनें १८७३ सालीं केलें. पुढें वर उल्लेखिलेल्या डेव्हिडसननें खानदेशांत त्याचे नमुने मिळविले. त्यांतील शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी कोणास दिसला नाहीं. मात्र रिचर्ड माइनर्ट्झहागेन ह्या प्रसिद्ध इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहांत एक नमुना होता व त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेंतील मांडवी हें स्थळ व १९१४ हें साल होतें. अधिकारी नामांकित, संग्रह मोठा, चिठ्ठी स्वच्छ. तेव्हां साक्ष खरी मानली गेली व पक्ष्याच्या शोधाची दिशा चुकली. अमेरिकन पक्षिविदुषी पॅमेला रासमुसेन यांनीं त्या संग्रहाची छाननी केली. कातडें सोलण्याची व भरण्याची प्रत्येकाची एक धाटणी असते, जसें लेखकाच्या अक्षराचें वळण असतें. त्या धाटणीवरून हा नमुना मुळीं डेव्हिडसनचाच असून ब्रिटिश म्युझियमांतून चोरून, पुन्हां भरून, खोट्या चिठ्ठीनिशीं ठेवलेला आहे, असें निष्पन्न झालें. खोटी चिठ्ठी वगळून खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळांकडे शोधक वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें खानदेशांत शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, रानपिंगळा जिवंत सांपडला. ११३ वर्षें नाहींसा मानलेला पक्षी जुन्या नोंदीनें परत दिला.

ह्या प्रकरणाचें मर्म संग्राहकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. मूळ वस्तु खरी होती. पक्षी खरा, कातडें खरें. खोटें होतें तें फक्त स्थळ व साल. तेवढ्यानें खऱ्या वस्तूची साक्ष खोटी झाली. बनावट कागद ओळखूं येतो; खऱ्या कागदास लावलेली चुकीची हकीकत ओळखणें फार कठीण. एखाद्या रुमालांतील पत्र काढून दुसऱ्या रुमालांत ठेवणें, चित्र संग्रहवहींतून सोडवून निराळ्या चौकटींत बसविणें, मागील बाजूची फाटकी चिठ्ठी कुरूप दिसते म्हणून काढून टाकणें, अंदाजानें लिहिलेलें साल जुन्या शाईच्या रंगांत उतरविणें, हीं कृत्यें सद्हेतूनेंहि होतात; पण परिणाम तोच.

७

पक्ष्यांच्या रक्षणाच्या कायद्यांचा इतिहासहि थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १८८७ च्या कायद्यानें नगरपालिका व छावण्या यांस विणीच्या हंगामांत रानपक्ष्यांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला. १९१२ सालीं त्याहून व्यापक कायदा झाला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यास १९९१ सालीं झालेली दुरुस्ती यांनीं देशी रानपक्षी धरणें, विकणें व पिंजऱ्यांत ठेवणें बंद केलें. पुण्याच्या घरोघरीं दिसणारा राघूचा पिंजरा आज बेकायदा आहे, साळुंकीचाहि तसाच. परदेशी वाणाचे पिंजऱ्यांतच पैदास झालेले पक्षी पाळणें निराळें; त्यांची काळजी घेणें हें पाळणाऱ्याचें कर्तव्य आहे. पिंजरा पंख पसरतां येतील एवढा रुंद, वाऱ्याच्या झोतापासून व भर उन्हापासून आडोशाला, पाणी रोजचें ताजें, आणि बसण्याच्या दांड्या कमीजास्त जाडीच्या असाव्या. एवढें तरी सांभाळावें.

कायदा बदलल्यामुळें आनंद नाहींसा झाला असें मात्र नाहीं. गाथेंतील कवीप्रमाणें उतरणारा थवा पाहणें कोणाच्याहि हातीं आहे. वेताळटेकडी, पाषाणचें तळें, येरवड्याजवळ मुळामुठेचा कांठ व एम्प्रेस बाग हीं पुणेकरांचीं परिचित पक्षिस्थळें होत. उन्हाळ्यांत अंगणांत मातीच्या परळांत पाणी ठेवणें, वड, पिंपळ, उंबर यांसारखीं फळांचीं देशी झाडें राखणें, जुन्या भिंतींतील कोनाडे सरसकट न बुजविणें, एवढ्यानेंहि पुष्कळ साधतें. जुन्या वाड्यांबरोबर चिमण्यांच्या जागा गेल्या ही तक्रार करणारांनीं नव्या घरांत त्यांस एखादी वळचण ठेवावी.

शेवटीं संग्राहकांस आमची विनंति. आपल्या रुमालांत शिकारखान्याचा जमाखर्च, बाजदाराची तैनात, पक्ष्यांच्या दाण्याचा तपशील, शकुनाची पोथी किंवा चित्रवहींतील एखादें पांखरूं असेल, तर तें क्षुल्लक समजूं नये. पक्ष्याचें नांव ज्या वळणानें लिहिलें असेल त्याच वळणानें उतरावें. शुद्ध करूं नये. कागद कोणत्या घरांत, कोणत्या गांवीं, कोणत्या कागदांबरोबर सांपडला तें वेगळ्या चिठ्ठीवर, आपल्या सहीनें व आजच्या तारखेनें लिहून ठेवावें. जुनी चिठ्ठी कितीहि फाटकी असली तरी तिला हात लावूं नये. गंगाराम तांबटाच्या चित्रावरील महिना व साल, साइक्साच्या सूचींतील प्रदेशाचें नांव आणि डेव्हिडसनच्या नमुन्यावरील शहाद्याकडचें स्थळ, ह्या तिन्हींचें काम एकच होतें. तिसऱ्या नोंदीनें तर एक जीव परत मिळाला. आपल्या हातच्या कागदांनीं पुढें काय परत मिळेल हें आज सांगतां येणार नाहीं. म्हणूनच तो आहे तसा ठेवणें अवश्य होय.